मनातला इसम

पहिल्या ओळीला बायका मनापासून हसल्या. ‘यंदा तिळाला गूळ नाही, नळाला नाही पाणी’ असं मनकर्णा म्हणाली आणि नाझरीणबाईंच्या माजघरात दाटीवाटीने बसलेल्या साऱ्याजणींना ते पटलं. दुष्काळाचं साल होतं; रेशनच्या साखरेचा हलवा चिमटीचिमटीने हातावर टेकवून संक्रांत साजरी चालली होती आणि नगर शहरातले नळ दिवसाआड करंगळीएवढी धार सोडत होते. नाझरीणबाईंचे यजमान कोर्टात नाझर, म्हणजे समन्स घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या बेलिफांचे साहेब, आणि मनकर्णेचा नवरा श्रीमंत त्यांच्याच हाताखालचा बेलीफ. तेव्हा ‘नाव घे’ म्हटल्यावर आढेवेढे घ्यायची सोय नव्हती. तिने पदर सावरला, नजर खाली घातली आणि दुसरी ओळ म्हणून टाकली: ‘रंगनाथरावांच्या घरात मी सुखाची राणी.’ यमक नेमकं जुळलं म्हणून तिचं तिलाच बरं वाटलं. ती हसलीसुद्धा, नव्या नवरीसारखी, आणि मग तिच्या लक्षात आलं की हसणारी ती एकटीच आहे. कुंकवाची कोयरी कोणीतरी पाटावर ठेवली त्याचा आवाज झाला. शेजारच्या खोलीत राहणारी लंकाबाई तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती, तिने कोपराने ढोसलं आणि हलकेच म्हणाली, “अगं, श्रीमंतराव.” एका म्हातारीने वेळ मारून नेली, चुकलीस हो, परत घे म्हणाली. मनकर्णेने परत घेतलं. या वेळी नाव बरोबर आलं, पण शाळेतलं पोर फळ्यावरचं वाचतं तसं. पहिलं नाव कसं आलं होतं आणि दुसरं कसं, हे त्या माजघरातल्या एकाही बाईच्या नजरेतून सुटलं नाही. बायकांची जात, या बाबतीत कान फार तिखट.

वाटेत लंकाबाईने विचारलं, माहेरचं कोणी आहे का गं त्या नावाचं, भाऊबिऊ? बिचारीने अगदी हातात आणून दिली होती पळवाट. हो, थोरला भाऊ, त्याचंच नाव जिभेवर होतं बाई, एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच विझली असती आणि ही कथा सांगायचं कारणच उरलं नसतं. पण मनकर्णेला ते ऐकूच आलं नाही. चितळे रस्त्याच्या त्या धुळीतून चालताना ती तिथे नव्हतीच. ती रंगनाथला सांगत होती की आज कशी फजिती झाली, सगळ्यांपुढे तुमचं नाव घेऊन बसले. आणि रंगनाथ झोपाळ्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, पोट धरून हसत होता. म्हणत होता, मग काय चुकलं, राणी नाहीस का तू? तिलाही हसू फुटलं. लंकाबाईने पुन्हा विचारलं तेव्हाही ती हसतच होती. मग तोफखाना भागातली त्यांची खोल्यांची रांग येईपर्यंत लंकाबाईने काय समजायचं ते समजून घेतलं. दाराशी कुलूप काढताना मनकर्णा भानावर आली, तिने मागे वळून पाहिलं, तर लंकाबाई आपल्या खोलीत निघूनही गेली होती.

हे तिचं जाणं आजकालचं नव्हतं. ती जामखेडच्या बाजूची. त्या भागात पाऊस येतो तो आल्यासारखा करून जातो, म्हणून दिवाळी उलटली की गावच्या गावं बैलगाड्यांत संसार टाकून ऊसतोडीला निघत. मनकर्णेचा बाप बायकापोरांना घेऊन बेलापूरच्या साखर कारखान्याकडे जायचा. पाचटाची कोपी बांधायची, आईबापाने थोरल्या भावाला घेऊन पहाटे फडात जायचं ते दिवस मावळताना यायचं, आणि मधला सबंध दिवस मनकर्णेने धाकट्याला मांडीवर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसायचं. दहा-अकरा वर्षांची पोर. बोलायला कोणी नाही, खेळायला कोणी नाही. पुढे पाटाचं पाणी, पाटापलीकडे बागायतदाराची वस्ती, आंब्याची झाडं, कौलारू घर. पाट ओलांडायचा नाही अशी ताकीद होती, कारण तिकडच्यांना तोडणीवाल्यांची पोरं चोरच वाटत. रोज दिवस कलला की त्या घराच्या ओट्यावरून एक बाई हाक मारायची, रंगनाथ, ए रंगनाथ, जेवायला चल. त्या हाकेत काय होतं कोण जाणे. मनकर्णेला कोणी असं लांबून, सूर लावून, जेवायला बोलावलं नव्हतं. हाक ऐकून कोण येतं ते तिला कधी दिसलं नाही. आंब्याची झाडं मध्ये होती. मग तिने आपल्या मनानेच एकाला त्या झाडांखालून चालवत नेलं. पहिल्या वर्षी तो तिच्याएवढाच होता, हात धुऊन जेवायच्या पाटावर बसायचा. दुसऱ्या वर्षी त्याने तिला विचारलं, तू जेवलीस का. ज्या दिवशी हे विचारलं त्या दिवशी धाकटा रांगत रांगत चुलीपाशी गेला आणि त्याचा हात पोळला, आणि आईने संध्याकाळी मनकर्णेला उसाच्या वाढ्याने फोडून काढलं. मार खातानासुद्धा ती तिथे नव्हती. मार संपला तेव्हा तिला कळलं की ही मोठी सोय आहे.

पुढे गावात बोभाटा झाला की रतनबाईची पोर, म्हणजे ही मनकर्णा, बसल्या जागी हरपते. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. मढीच्या देवस्थानी नेलं, धुपाच्या धुरात कोंडून विचारलं, कोण आहेस तू? पोरीने गोंधळून आपलं नाव सांगितलं, मनकर्णा. तिला स्वतःला माहीत होतं की अंगात झाड-बीड काही नाही. ती फक्त ‘तिकडं’ जायची. तिकडं, हा तिचा शब्द, कोणापुढे कधी न उच्चारलेला. आणि तिकडचं म्हणजे काही राजवाडा नव्हता, हेच तर सांगून कोणाला पटलं नसतं. कौलारू घर, ओटा, झोपाळा, विहिरीवर रहाट. रंगनाथही काही देखणा राजपुत्र नव्हता. तिच्याबरोबर तोही मोठा झाला, त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि तिकडं वर्षं भरभर सरत म्हणून तो कानाशी पिकलाही, अलीकडे त्याला चष्मा लागला. त्यांची भांडणं होत. एकदा धान्य विकण्यावरून आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्याची आई, ती हाक मारणारी, चार वर्षांमागे तिकडं वारली, तेव्हा मनकर्णा इकडे चुलीपुढे बसून खरोखरीचं रडली होती आणि श्रीमंतला धुराचं निमित्त सांगितलं होतं. त्या दिवाळीला तिने कढई चढवली नाही. श्रीमंतने विचारलं तर म्हणाली, तेल महाग झालंय. म्हणजे जी कधी नव्हतीच त्या सासूचं सुतक तिने सणासुदीला पाळलं. हे आठवलं की तिलाही कधी कधी स्वतःची भीती वाटे, आणि भीती वाटली की ती तिकडं जाई, कारण भीती वाटल्यावर जायचं दुसरं ठिकाण तिच्यापाशी नव्हतं.

इकडे मात्र तिच्या हातून धड काही होत नसे. दूध उतू जायचं, भात करपायचा, हे सगळ्याच बायकांचं होतं. पण मनकर्णा पातेल्यासमोर उभी राहून, उघड्या डोळ्यांनी बघत दूध उतू घालवायची. रेशनच्या रांगेत तिच्या मागच्या बाया मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, घेऊन घरी जायच्या आणि ती होती तिथेच. नळ आला की रांगेतल्या बाया हंड्यावर हंडा आपटायच्या, तिचा हंडा भरून वाहत असायचा, त्या दुष्काळात, पाणी गटाराला लागलेलं. मग शिव्या, मग तिचं ओशाळं हसू. मुलगी बनू आठ-नऊ वर्षांची. आईला काही सांगायचं तर आधी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं, हे त्या पोरीने बोलायला लागली तेव्हाच शिकून घेतलं होतं. गेल्या श्रावणात बनूला ताप होता. ती पाणी पाणी करत होती आणि मनकर्णा तिच्या उशाशी बसून तिकडच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत मांडत होती. श्रीमंत बाहेरून आला, त्याने पाणी पाजलं. मनकर्णेने त्या दिवशी देवापुढे कान धरले, आता नाही जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने तो शब्द पाळला. दुपारी इतकं भकास वाटायला लागलं, भिंती, स्टो, दोरीवरचे कपडे, सगळं इतकं नुसतं जिथल्या तिथे, की तिला रडू आलं. आणि रडता रडता ती निघून गेली.

श्रीमंतमध्ये खोट काढायची म्हटली तरी निघाली नसती. हेच तर तिचं दुःख होतं. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार आणून देवापुढे ठेवणारा माणूस. खांद्याला कापडी पिशवी, पायांत टायरच्या चपला, तालुक्यातली गावं पालथी घालून संध्याकाळी धुळीने पांढरा होऊन यायचा आणि जेवताना सारं सांगायचा: कोणी समन्स घ्यायचं नाही म्हणून कडब्याच्या गंजीत लपला, कोणाच्या म्हातारीने मुलगा मेला म्हणून गळा काढला आणि मुलगा मागच्या दाराने पळताना दिसला. बेलिफाचं काम म्हणजे आहे त्याला नाही म्हणणाऱ्या लोकांत हिंडणं. त्याची एक युक्ती होती. अमका घरात आहे का, असं तो कधी विचारत नसे; अमक्याची तब्येत बरी आहे ना आता, असं विचारी. माणूस बेसावध चेहऱ्याने उत्तर देतो आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. मनकर्णा ऐकत असे, म्हणजे त्याच्याकडे बघत, योग्य जागी हुंकार देत, तिकडं असे. आणि हा भला माणूस कचेरीत सांगायचा की आमची बायको लई ऐकून घेते, असं ऐकून घेणारी बायको मिळायला नशीब लागतं. हे तिला नाझरीणबाईंनीच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळदीकुंकवाची गोष्ट त्याच्या कानावर कोणी घातली ते तिला कळलं नाही. लंकाबाईच्या नवऱ्याने असेल, नाही तर कचेरीतल्याच कोणी, थट्टेच्या नावाखाली. एवढं कळलं की तो जेवताना सांगायचा थांबला. ताटाकडे बघून जेवायचा, उठायचा, बनूचा अभ्यास घ्यायचा. खोलीत इतकी शांतता झाली की मनकर्णेला आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं ऐकावंसं वाटलं. ती मुद्दाम विचारायची, आज कुठं गेला होता? तो गावाचं नाव सांगायचा आणि गप्प. कचेरीत त्याच्या माघारी लोक काय बोलत असतील याचा विचार तिच्या मनात येई. दुसऱ्यांच्या दारात जाऊन त्यांची नाचक्की चव्हाट्यावर आणणं हे ज्याचं काम, त्याच्याच दारात आता लोक डोकावत होते, आणि ते तिच्यामुळे. माहेरी धाडून दिलं तर जायचं कुठे, भाऊ-भावजय स्वतःच दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बनूचं काय होईल. हे सगळं ती इकडे, खरोखरीच्या मनाने, विचार करून बघायची. फार वेळ नाही जमायचं.

रविवारी सकाळी दोघं ताटात मिलो घेऊन खडे निवडत बसले होते. बनू अंगणात खेळत होती. श्रीमंतने एक खडा उचलून दाराबाहेर टाकला आणि ताटातून नजर न काढता विचारलं,

“कोन हाय तो?”

ती म्हणाली, कोणी नाही. त्यावर तो म्हणाला की कोणी नाही त्याला नाव कसं असेल, नावाशिवाय समन्स निघत नाही आणि माणसाशिवाय नाव. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर ती केव्हाच निघून गेली असती. पण त्याचा आवाज इतका थकलेला होता की तिला तिथेच बसावं लागलं. काहीतरी सांगणं भाग होतं. खरं सांगावं असं तिला वाटलं, जन्मात पहिल्यांदा, आणि खरं सांगायला शब्द शोधायला गेली तर तिच्यापाशी एकच सापडला.

“मनातला हाय,” ती म्हणाली.

आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. तिला म्हणायचं होतं, नुसता मनातलाच, बाहेर कुठे नाही असा. श्रीमंतने ऐकलं ते जगात कोणत्याही नवऱ्याने ऐकलं असतं ते. त्याने हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. दाणे सांडू नयेत इतक्या बेताने. मग म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आणि उठून दोरीवरचा सदरा अंगात घातला. ती मागे धावली, तसं नाही हो, असं म्हणाली, पण मग कसं, हे तिला सांगता येईना. रंगनाथशी ती तासन् तास बोलायची, शब्दाला शब्द सुचायचा. या माणसाशी बोलायची तिला सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने रजेचा अर्ज दिला आणि जामखेडची एसटी धरली. कुठे जातो हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तो गेला त्या दिवसांत मनकर्णेने स्वतःला बजावलं होतं की आता निदान नाही. आपला नवरा आपल्या पायी उन्हातान्हात, खडीच्या ढिगांवरून, परक्या लोकांना विचारत हिंडतोय. तेव्हा निदान घरात राहायचं. तिने खोली सारवली, डबे घासले, बनूची वेणी दोनदा घातली. तांब्या घासताना डोळ्यांपुढे ओटा आला आणि ती मान झटकून उठली. मग विहिरीचा रहाट आला, मग झोपाळ्याची कडी कुरकुरली. आणि संध्याकाळी, दार लोटून, भिंतीला पाठ लावून ती बसली आणि सगळं त्याला सांगितलं. श्रीमंत कसा निघून गेला, कसा सदरा घातला, ताट कसं ठेवलं. रंगनाथने तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाला, होईल सगळं नीट, तो भला माणूस आहे. ती त्याच्या मांडीवर रडली. रडून हलकी झाली आणि डोळे उघडले तर बनू समोर उभी होती, भुकेली, आणि किती वेळ उभी होती कोण जाणे. पोरीने या वेळी हनुवटी धरली नव्हती. ती नुसती बघत होती. मनकर्णेला स्वतःची इतकी किळस आली की तिने तोंडात मारून घेतलं, खरोखरीच्या हाताने, आणि ते बघून बनू रडायला लागली.

श्रीमंत परत आला तेव्हा दुपार होती, बनू शाळेत गेलेली. त्याच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. तिने पाणी दिलं. ते पिऊन तो भिंतीशी बसला आणि, कितीतरी दिवसांनी, सांगू लागला; आणि मनकर्णा, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, त्याचा एकूण एक शब्द ऐकत होती. तो तिच्या भावाला खडीच्या कामावर जाऊन भेटला. रंगनाथ बरा हाय ना आता, असं विचारलं. भाऊ म्हणाला, कोण रंगनाथ? तो चेहरा खरा होता, असे चेहरे आपण ओळखतो, श्रीमंत म्हणाला. मग गावात विचारलं, भावकीत विचारलं. कोणी त्या नावाचा नाही. बोलता बोलता भाऊ लहानपणच्या ऊसतोडीचं बोलला, तेव्हा श्रीमंतने तिथून नगर गाठून परस्पर बेलापूरची गाडी पकडली. पाटापलीकडची वस्ती अजून आहे. तिथे मात्र एक रंगनाथ निघाला.

मनकर्णेने चटकन वर पाहिलं. श्रीमंत तिच्याकडे बघत होता, पण बेलीफ बघतो तसा नाही.

“त्याची गचांडी धरायची म्हनूनच गेल्तो मी,” तो म्हणाला. “सायकलीचं दुकान हाय त्याचं. पोरगा हाय गं. तुमी तितं राहायला हुता तवा अंगनात रांगत आसंल. आई त्याला जेवाय हाक मारायची, म्हनला, आंब्याखाली माती खात बसायचा म्हून. त्यानं मला चहा पाजला. तुजं नाव घेतलं तर कोन मनकर्णा म्हनून इचारलं.”

बाहेर कोणाच्या तरी खोलीत रेडिओ लागला होता. मग त्याने सावकाश विचारलं, म्हणजे मनातला म्हणालीस तो नुसता मनातलाच का? तिने मान हलवली. आणि मग तिने सांगितलं. फार नाही, तुटक तुटक, ओटा, झोपाळा, चष्मा, सासू. सांगताना प्रत्येक गोष्ट तिच्याच कानांना पोरकट वाटत होती. बाजारात नेऊन ठेवलेल्या घरच्या भांड्यांसारखी ती एकदम पोचेवाली आणि जुनी दिसायला लागली. श्रीमंत ऐकत राहिला. मध्येच त्याने विचारलं की ती दिवाळी, कढई चढवली नव्हती ती, ती त्याची आई वारली म्हणून का? ती हो म्हणाली. त्याने हसल्यासारखं केलं, पण ते हसू नव्हतं.

“कोनी आसता तर बरं झालं आसतं,” तो म्हणाला. “मानसाशी मानसाला भांडता येतं. चार शिव्या दिल्या आसत्या, तुला सोडली आसती न्हाईतर ठिवली आसती. ह्याचं मी काय करू?”

मनकर्णेला त्याचे पाय धरावेसे वाटले. आपण या माणसाचं काही चोरून दुसऱ्या माणसाला दिलं असतं, तर ते निदान परत मागता आलं असतं. आपण ते कुठेच दिलं नाही, नुसतं सांडलं, भरल्या हंड्यावरून वाहून जावं तसं. ती रडत नव्हती. रडणं सगळं तिकडं संपवून आली होती. श्रीमंतने बोटाने जमिनीवरची धूळ एका जागी गोळा केली, पसरली, पुन्हा गोळा केली. मग एखाद्या पोराने विचारावं तसं, तिच्याकडे न बघता, विचारलं,

“मी हाय का त्यात कुटं?”

तिने शोधलं. अगदी मनापासून शोधलं. ओट्यावर, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात जेवणाऱ्या पंक्तींत, सासूच्या तिरडीमागून चाललेल्या माणसांत. गावातल्या कितीतरी माणसांना तिने तिथे जागा दिली होती, मेलेल्या बापाला, बोहारणीला, एकदा रस्त्यात दिसलेल्या फकिरालासुद्धा. श्रीमंत नव्हता. गर्दीतही नव्हता. नुसतं व्हय म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एवढी वर्षं जिने न घडलेलं सारं घडवलं तिला तेवढा एक शब्द तोंडाबाहेर काढता आला नाही. ती गप्प राहिली आणि तिच्या गप्प राहण्यातून त्याला उत्तर मिळालं. उंबऱ्यावर उभं राहून न बोललेलं ऐकणं हा त्याचा धंदाच होता.

“मग आता घे की मला,” तो म्हणाला. “गडी म्हनून घे. न्हाईतर समन्स घिऊन आलेला म्हनून. पानी पिऊन जातो.”

त्याने थट्टा केली असं क्षणभर तिला वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो वाट बघत होता. मनकर्णेने डोळे मिटले. आतापर्यंत ज्या वाटेने ती नुसती पापणी लवताच जाऊन पोचायची त्या वाटेवर तिने पाऊल टाकलं, आणि पापण्यांमागे तांबडा अंधार होता. ती ओटा आठवू लागली. झोपाळ्याची कडी आठवू लागली. रंगनाथला तिने हाक मारली, मनातल्या मनात, पूर्वी त्याची आई मारायची तशी. दुपारच्या उन्हाने तापलेला छपराचा पत्रा तडतडत होता, रेडिओ चालू होता, समोर तिचा नवरा श्वास घेत होता, आणि याशिवाय कुठेही काहीही नव्हतं.

“आलो का?” श्रीमंतने विचारलं.

“आलात,” मनकर्णा म्हणाली.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बरं, म्हणाला, आणि गुडघ्यांवर हात रेटून पाय धुवायला उठला. मोरीत तांब्याचा आवाज झाला. पाणी जपून वापरत, तिथूनच तो तिला काहीबाही सांगू लागला, एसटीत भेटलेल्या कोणा म्हाताऱ्याची गोष्ट, वाटेत लागलेल्या आटलेल्या तळ्याची. मनकर्णेने डोळे उघडले नव्हते. ती अजून शोधत होती, भिंतीला पाठ टेकून, आणि अधूनमधून, त्याच्या बोलण्याच्या योग्य जागी, हुंकार देत होती.